गिरणीतलं घर स्वस्त पडतं का?

जुन्नर-आंबेगावात जुन्या गोदामाच्या पोटमाळ्यासकट सदनिका करायच्या, तर हिशेब असा मांडा

मंचरहून घोडेगावकडे किंवा नारायणगावहून जुन्नरकडे निघालं की रस्त्याच्या कडेला अशा इमारती दिसतात. बंद पडलेली भाताची गिरणी, रिकामं खताचं गोदाम, कोंबड्या नसलेली पोल्ट्री. मालकाची मुलं पुण्यात, इमारतीत भंगार. मग कुणीतरी सुचवतं, ‘छप्पर तयार, भिंती तयार. मधे माळा टाकला की चार फ्लॅट निघतील.’

फ्लॅट निघतात. पण ‘अर्ध्या खर्चात होईल’ हे खरं नाही. खाली मांडलेल्या हिशेबात नव्या बांधकामाच्या तुलनेत जेमतेम आठवा हिस्सा वाचतो, तोही इमारत धडधाकट असेल तरच. म्हणून इसार देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: उंची, कागद आणि खांब.

उंची: आढ्यापर्यंत मोजू नका

मालक ‘वीस फूट उंच आहे’ म्हणतो तेव्हा त्याने आढ्यापर्यंत मोजलेलं असतं. टेप लावायचा तो जमिनीपासून कैचीच्या खालच्या पट्टीपर्यंत. वीस फुटी म्हणून दाखवलेल्या शेडमध्ये ही पट्टी चौदा फुटांवरही असू शकते आणि ती कापता येत नाही. ती कापली तर कैची पसरते आणि भिंतींना बाहेर रेटते.

राहत्या खोलीची उंची पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट धरतात. माळ्याची जाडी अर्धा ते पाऊण फूट. वर माणूस ताठ उभा राहायला साडेसात-आठ फूट. म्हणजे कैचीखाली सतरा-अठरा फूट मिळाले तरच पोटमाळ्याचा विचार करा. पोल्ट्री शेड इथेच बाद होते. तिच्या कडेच्या भिंती आठ-दहा फुटांच्या, त्याही अर्ध्या जाळीच्या. तिची बैठी घरं होतील, माळ्याची होणार नाहीत. कांद्याच्या बराखीचा तर विचारच सोडा, ती हवा खेळावी म्हणून बांधलेली असते. गिरणी आणि जुनं गोदाम एवढेच खरे उमेदवार.

कागद: जमीन कशासाठी आहे?

सातबारा, आठ-अ, फेरफार आणि ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ काढा. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना दोनदा वाचा, कारण गिरणी आणि पोल्ट्री बहुधा कर्जावर उभी राहिलेली असते आणि सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथेच दिसतो. कर्ज फिटलं असलं तरी बोजा कमी केल्याचा फेरफार झालाय का, ते पाहा. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या.

मग अकृषिक आदेश. तो ‘औद्योगिक’ वापरासाठी असेल तर तिथे राहती घरं आपोआप चालत नाहीत, वापरबदल करून घ्यावा लागतो. जमीन शेतकऱ्याकडून कुळकायद्याच्या कलम ६३-१अ खाली उद्योगासाठी घेतलेली असेल तर आणखी जपून. ती जमीन उद्योगाच्या अटीवर मिळालेली असते, वापर बदलण्याआधी तहसील कार्यालयात लेखी विचारा.

नकाशा कुठे मंजूर होतो, हे जागेवर ठरतं. जुन्नर आणि आंबेगाव पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे पीएमआरडीएच्या हद्दीत नाहीत. जुन्नर शहरात नगरपरिषद, मंचरमध्ये नगरपंचायत, बाकी बऱ्याच ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभाग. नियमावली मात्र २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात लागू असलेली एकत्रीकृत, म्हणजे यूडीसीपीआर. इमारत पुणे-नाशिक महामार्गालगत असेल तर इमारत रेषा आणि रस्त्यावरून आत येण्याची परवानगी आधी तपासा. जुनं गोदाम या रेषेच्या आत उभं असेल तर त्यावर नवी परवानगी मिळेल असं गृहीत धरू नका.

न्यूयॉर्कच्या सोहो भागात कलावंत आधी रिकाम्या कारखान्यांत राहायला गेले. त्यांना तिथे कायदेशीर राहता यावं म्हणून १९७१ मध्ये नियम बदलले आणि पुढे १९८२ मध्ये खास लॉफ्ट कायदा आला. ‘आधी राहू, मग बघू’ हा क्रम तिकडे कसाबसा निभावला. इकडे मंजूर नकाशाशिवाय बँक कर्ज देत नाही आणि पुढचा गिऱ्हाईकही कागदच मागतो.

खांब: पत्रा पेलणारा माळा पेलत नाही

गोदामाचे खांब पत्र्याचं वजन आणि वारा सोसायला उभे केलेले असतात. राहत्या घरासाठी चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. म्हणजे २०० चौरस फुटांच्या माळ्यावर माणसं आणि सामान मिळून ३,७०० किलो, आणि चार इंची काँक्रीटचं स्वतःचं वजन साडेचार टनांच्या घरात. एका छोट्या माळ्याचे हे आठ टन जुन्या भिंतीत गर्डर खोचून टाकायचे नसतात. माळ्याला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया लागतो. त्यामुळे आतली फरशी फोडावीच लागते, आणि ‘तयार जोतं’ हा फायदा तिथेच निम्मा होतो.

स्ट्रक्चरल इंजिनिअर येण्याआधी तुम्हीही थोडं बघू शकता. लोखंडी खांब जिथे जमिनीत शिरतो तिथली माती वीतभर उकरा आणि हातोडी मारा. खणखणीत आवाज आला तर बरं. पापुद्रे सुटून हातात आले तर तो खांब खालून खाल्लेला आहे, वरचा रंग कितीही ताजा असो. खताच्या गोदामात हे हमखास तपासा, खत लोखंडाला खातं.

छपरावर जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. तो फोडायचा, कापायचा किंवा कोरडा घासायचा नाही. पाणी मारून, नट सोडवून, अख्खा उतरवायचा. त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि आजार वर्षांनी दिसतो. उतरवलेला पत्रा गोठ्यावर टाकायला कुणाला देऊ नका, त्याची विल्हेवाट घातक कचरा म्हणूनच लावायची असते.

नमुना हिशेब

गोदाम ३० × ६० फूट, म्हणजे १,८०० चौरस फूट. कैचीखाली अठरा फूट. चार सदनिका, प्रत्येकी खाली ४५० आणि माळ्यावर २०० चौरस फूट. एकूण २,६०० चौरस फूट. खालचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावच्या तीन ठेकेदारांचे लेखी दर घेऊन ते बदला, रकाने मात्र हेच ठेवा.

• मोजणी, शोध अहवाल, इंजिनिअरची तपासणी, नकाशे: १,५०,००० रु.
• जुना पत्रा उतरवून पफ पॅनेलचं छप्पर, उतारासह २,१०० चौ. फूट, दर २२० रु.: ४,६२,००० रु.
• माळे, ८०० चौ. फूट: लोखंड ४,००० किलो, बसवून ११० रु. किलोने ४,४०,०००, डेक पत्रा आणि काँक्रीट १,६०,०००, सोळा खांबांचे पाये १,४४,०००. एकूण ७,४४,००० रु.
• सदनिकांमधल्या आणि आतल्या भिंती, गिलाव्यासह: ४,८४,००० रु.
• संडास-बाथरूम आणि स्वयंपाकाचा ओटा, चार संच: ५,६०,००० रु.
• दारं-खिडक्या: ३,७८,००० रु.
• आतले चार जिने: १,८०,००० रु.
• फरशी, रंग, बाहेरच्या भिंतींची डागडुजी: ४,४२,००० रु.
• वायरिंग: २,४०,००० रु.
• सेप्टिक टँक, शोषखड्डा, टाक्या, बाहेरचे पाइप: ३,००,००० रु.

बेरीज ३९,४०,००० रु. जुन्या इमारतीत भिंत उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही, म्हणून वर १५ टक्के, म्हणजे ५,९१,००० रु. एकूण ४५,३१,००० रु., चौरस फुटाला साधारण १,७४३ रु. नव्या साध्या बांधकामाला २,००० रु. दर धरला तर तेवढ्याच जागेला ५२ लाख. बचत पावणेसात लाखांच्या आसपास. इंजिनिअरने मुख्य खांब बदलायला सांगितले की हे पावणेसात लाख त्यातच जातात. तसं झालं तर पाडून नवं बांधणं शहाणपणाचं.

या हिशेबात जागेची किंमत, मुद्रांक शुल्क, विकास शुल्क, वापरबदलाची रक्कम आणि वीजजोडण्या धरलेल्या नाहीत. बांधकाम कामगार कल्याण उपकर खर्चाच्या १ टक्का असतो, इथे पंचेचाळीस हजारांच्या घरात. ठेकेदाराच्या दरात जीएसटी धरलाय की वर लागणार, हे दरपत्रकावरच लिहून घ्या. मालासकट कामाच्या ठेक्यावर तो साधारणपणे १८ टक्के असतो.

कुठे हात आखडू नये

छप्पर. दोन्ही तालुक्यांत पश्चिमेला, आपटाळे-मढ किंवा डिंभ्याच्या बाजूला पाऊस झोडपतो. पूर्वेला, बेल्हे किंवा लोणीकडे ऊन. पश्चिमेला पन्हळी आणि पत्र्याच्या जोडांवर खर्च करा. पूर्वेला उष्णतारोधक थरावर, कारण माळ्यावर झोपणाऱ्याचं डोकं छपराच्या अगदी जवळ असतं. साधा पत्रा टाकून वाचवलेले पैसे एप्रिलच्या पहिल्या दुपारी आठवतात.

सदनिकांमधली भिंत. ती कैचीपर्यंत नव्हे, छपरापर्यंत न्या. वर फट राहिली तर शेजारच्या कुकरची शिट्टी तर ऐकू येतेच, आग लागली तर धूरही त्याच वाटेने चारी घरांत पसरतो. मुंबईच्या कमला मिलच्या जुन्या आवारातल्या हॉटेलांना २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जीव गेले. इमारतीचा वापर बदलला की माणसांची बाहेर पडायची वाटही नव्याने आखावी लागते. माळ्यावरून उघडणारी, माणूस निघेल एवढी एक खिडकी प्रत्येक घराला ठेवा. एरवीही खिडक्या फरशीच्या सहाव्या हिश्श्याइतक्या हव्यात. गोदामाच्या झरोक्यांवर भागत नाही.

बाहेरचा उजेड. हा बिबट्याचा मुलूख आहे, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. ऊस कुंपणापर्यंत आलेला असेल तर अंगणात दिवे, बंद कचराकुंडी आणि पक्कं कुंपण हे खर्चात धराच. सामाईक संडास बाहेर काढून पैसे वाचवू नका.

वीज, विक्री, भाडं

गिरणीचं औद्योगिक मीटर तसंच ठेवून त्यावर घरं चालवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. चार घरांचे चार घरगुती मीटर घ्या. रोहित्राची क्षमता पुरेल का, हे महावितरणच्या शाखेत आधी विचारा.

सदनिका विकायच्या असतील तर जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असल्यास रेरा नोंदणी सक्तीची नाही. घेणाऱ्याने मात्र याचा अर्थ नीट समजून घ्यावा: तक्रारीचा तो दरवाजा आपल्याला सहज उघडणार नाही, म्हणून कागद दुप्पट तपासायचे. भोगवटा प्रमाणपत्रानंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही. त्याआधी ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसल्यास १ टक्का.

जुन्नर २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुका झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि नाणेघाट एका टप्प्यात येत असल्याने पर्यटकांना भाड्याने देण्याचा मोह होईल. पण तो व्यवसाय वेगळा, त्याच्या परवानग्या आणि कर वेगळे. मोसम संपला की खोल्या रिकाम्या. नारायणगावच्या बाजारपेठेतले व्यापारी, शिक्षक, बँकेतले कर्मचारी असे बारमाही भाडेकरू मिळतील का, हे आधी पाहा आणि हिशेब त्यांच्या भाड्यावर बसवा. पर्यटक आले तर ती वरकमाई.

पैसे या क्रमाने काढा

पहिले काही हजार सातबारा आणि शोध अहवालावर. त्यात बोजा किंवा वापराची अट निघाली तर तिथेच थांबा. मग इंजिनिअरची तपासणी, आणि त्यांचं म्हणणं लेखी. मग वापरबदल आणि नकाशा. या तिन्हींतून इमारत पार पडली की मगच ठेकेदार. इसारपावतीत ‘निवासी परवानगी न मिळाल्यास इसार परत’ ही ओळ घालून घ्या. मालक ती घालू देत नसेल, तर त्याला आपल्या जागेचं काहीतरी ठाऊक आहे असं समजा आणि टेप गुंडाळा.