आधी साबण, मग खोबरं

सूनबाई, बिब्बा उतला की आपल्याकडे पहिली धाव खोबऱ्याकडे. कुणी सुकं खोबरं चावायला देतं, कुणी तीळ-खोबरं वाटून लावतं. तुझ्या आजेसासूबाईही तेच करायच्या. त्यांचं मी सगळं ऐकलं, पण इथे त्यांचा क्रम चुकायचा. बिब्ब्याच्या टरफलातला काळा चीक तेलकट असतो. तो ताजा असताना वर खोबरेल चोळलं, तर थेंबभर चीक मनगटभर पसरतो. म्हणून आधी साबण आणि भरपूर गार पाणी, तेही लगेच. पहिली दहा मिनिटं सोन्याची. नखांखालून नीट धू, माझं तिथेच चुकलं होतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी डिंकाच्या लाडवांसाठी गोडंबी काढायला मी बत्त्याने बिब्बे फोडायला बसले. हात पदराला पुसले आणि त्याच बोटाने कुंकू लावलं. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंकवाच्या जागी लालभडक चट्टा, पापण्या सुजलेल्या, बोटांच्या बेचक्यात पाण्याने भरलेले फोड आणि जीव नकोसा करणारी खाज. चीक लागला तिथे काळा डाग होताच. चार दिवसांनी कमरेवर नवे चट्टे उठले, तेव्हा सगळ्यांना वाटलं की फोडांच्या पाण्याने पसरतंय. माझं ताट-वाटीसुद्धा वेगळं केलं! फोडांच्या पाण्याने काही पसरत नाही. गुन्हेगार होता तो न धुतलेला पदर, मी रोज कमरेला खोचत होते. तेव्हा अंगावरचे कपडे, बत्ता, अडकित्ता, सगळं साबणाने धुवायचं.

आणखी एक. आयुष्यात पहिल्यांदाच चीक लागला असेल तर अंगावर उठायला आठ-दहा दिवसही लागतात. तोवर माणूस बिब्बा विसरलेला असतो आणि काल खाल्लेल्या वांग्याला दोष देतो.

खाज सुटली की गार पाण्याची पट्टी ठेव, कॅलामाइन लाव. कढत पाणी घेऊ नकोस, फोड फोडू नकोस. खोबरं खायचं तर खा, त्याने बिघडत काही नाही. पण सुई बिब्ब्यात टोचून, दिव्यावर तापवून टाचेच्या भेगेत थेंब सोडायचा जुना उपाय माझ्या घरात बंद. टरफलं चुलीतही घालायची नाहीत, तो धूर छातीत गेला तर फार वाईट.

ज्याला बिब्बा उततो त्याने कैरीचा चीक आणि काजूचं टरफल यांनाही जपावं, सगळी एकाच कुळातली. तुझा भाऊ न्यू जर्सीला आहे ना, त्यालाही कळव. तिकडची पॉयझन आयव्ही याच गोतावळ्यातली: पानं तीन-तीनच्या झुबक्यात, मधल्या पानाचा देठ लांब. परसात दिसली तर हातमोज्यांशिवाय उपटू नको म्हणावं आणि जाळू तर मुळीच नको.

डोळे सुजले, तोंडावर किंवा नाजूक जागी उठलं, अंगभर पसरलं किंवा श्वास लागला, तर घरगुती काही करत बसू नकोस, दवाखाना गाठ. गोडंबी बाजारात सोललेली मिळते. लाडवांना तीच आण.