गौरीआधीची गोळी

चि. सौ. मृणाल,


गौरीच्या दिवसांत पाळी नको म्हणून ‘ती गोळी’ विचारलीस. मेडिकलवाला चिठ्ठीशिवायही देतो, तरी मला विचारलंस, बरं केलंस. गौर माहेरवाशीण, तिला पाळीचा विटाळ होत असेल असं मला कधी वाटलं नाही. पण त्यावरून तू सासूबाईंशी भांड, असं मी म्हणणार नाही.

मी अडले ते तुझ्या पुढच्या वाक्यावर. ‘तशी माझी पाळी दोन-तीन महिन्यांनी येते, सवय आहे.’ अगं, ही गोळी पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची असते. तुला तारीखच नाही, तर तीन दिवस मोजायचे कुठून?

आत काय चालतं ते सांगते. पाळीनंतर इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत नेतं. स्त्रीबीज सुटलं की मागे उरलेल्या कोशाचा पीतपिंड होतो आणि तो सुमारे १४ दिवस प्रोजेस्टेरॉन सोडतो. ते वाढत्या अस्तराला आवर घालतं, गर्भ रुजेल असं त्याला तयार करतं. गर्भ राहिला नाही की पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटतं. हीच पाळी. तुझी गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, १९५१ साली मेक्सिकोतल्या प्रयोगशाळेत बनलेली प्रोजेस्टेरॉनची मानलेली बहीण. ती पोटात जाते तोवर अस्तर धरून राहतं. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

पण बीजच सुटत नसेल तर पीतपिंड नाही, म्हणजे प्रोजेस्टेरॉनही नाही. आवर घालणारं कुणी नसलं की अस्तर वाढतच राहतं आणि मग एकदा रक्तस्राव सुरू झाला की थांबत नाही. पीसीओडीत पुष्कळदा हेच होतं. ओपीडीत अशा मुली यायच्या त्या हिमोग्लोबिन सहावर आल्यावर, आणि त्याही म्हणायच्या, ‘सवय आहे.’ वर्षानुवर्षं असंच चाललं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उद्या काही होणार नाही, घाबरू नकोस. पण तू पाळी पुढे ढकलायला निघालीस आणि मला काळजी आहे ती वेळेवर येत नाही याची.

या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव. आधी गरोदरपणाची तपासणी, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी. गरज वाटली तर डॉक्टर ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉनच देतील, पाळी आणण्यासाठी. आणि एक गोष्ट विसरू नकोस: तुझ्या जन्मानंतर ताईच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो, आणि गुठळीच्या घराण्यात ते धोक्याचं. डॉक्टरांना हे न विचारताच सांग.

तोवर ती गोळी घेऊ नकोस. सासूबाईंना फोन दे, मी बोलते.

तुझी,
मंगलमावशी