चंदगड तालुका कसा घडला?

आमच्या साक्षरता वर्गात एका आजोबांनी विचारले, "गुरुजी, आमचं गाव हाय तिथंच हाय. नदीबी हाय तिथंच हाय. मग जिल्हा कसा बदलला?" प्रश्न फार चांगला आहे. त्याचे उत्तर आज आपण पाहू.

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. पश्चिमेला सह्याद्री. घाट उतरला की कोकण. पूर्वेला बेळगावचा मुलूख. पाऊस दांडगा. भात, नाचणी, काजू ही इथली पिके. ताम्रपर्णी नदी इथूनच वाहत जाऊन घटप्रभेला मिळते.

हा मुलूख जुना आहे. इथला पारगड किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला आणि तानाजी मालुसरे यांचे चिरंजीव रायबा यांना तिथे किल्लेदार नेमले, असे सांगतात. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल आला. पुढे चंदगड बेळगाव जिल्ह्यात मोडू लागले. त्या वेळी कोल्हापूरला छत्रपतींचे संस्थान होते. ते १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा कोल्हापूर जिल्हा झाला.

स्वातंत्र्यानंतर लोक म्हणू लागले, राज्ये भाषेप्रमाणे व्हावीत. कारभार आपल्या भाषेत चालला, तरच तो आपल्याला कळेल. म्हणून १९५३ साली सरकारने आयोग नेमला. १९५६ साली कायदा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र वगळला, कारण इथली बहुतेक वस्ती मराठी. तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. म्हैसूर राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले.

पण सगळेच सुटले नाही. बेळगाव शहर आणि पुष्कळ मराठी गावे रेघेच्या पलीकडे राहिली. त्यावर १९६६ साली महाजन आयोग नेमला. त्याचा निवाडा महाराष्ट्राने मानला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.

कागदावर रेघ पडली, तरी सोयरीक तुटली नाही. लेकी पलीकडे दिलेल्या, सुना पलीकडून आणलेल्या. बेळगाव जवळ, कोल्हापूर लांब. म्हणून बाजाराला बेळगाव आणि जिल्ह्याच्या कचेरीला कोल्हापूर, अशी इथल्या माणसाची दोन्हीकडे ये-जा.

तेव्हा आजोबा, गाव हलले नाही. कागद बदलला. आणि कागद बदलला की दाखला कुठे मिळणार, दावा कुठे चालणार, मुलगा कोणत्या भाषेत शिकणार, हे सारे बदलते. म्हणून कागद आपल्याला वाचता आला पाहिजे.

प्रश्न :
१. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात केव्हा आले?
२. ते बेळगाव जिल्ह्यातून का वगळले?
३. घरचा सातबारा काढा. त्यावरील गाव, तालुका व जिल्हा मोठ्याने वाचा आणि पाटीवर लिहा.