प्रथिनांच्या यादीतून हवी ती नोंद

फास्टा पद्धतीच्या फाईलमध्ये प्रत्येक नोंदीची पहिली ओळ '>' या चिन्हाने सुरू होते. तीत नाव असते आणि खाली अक्षरांची मालिका. नवशिका पायथनमध्ये एकेक ओळ वाचून तीत हवी ती अक्षरे शोधतो. मला ही रीत फसवी वाटते. मानवी इन्सुलिनचे पूर्वरूप ११० अमिनो आम्लांचे. ओळीत ६० अक्षरे धरली, तर ५७व्या अक्षरापासून सुरू होणारे सी-पेप्टाइड मध्येच तुटते : वरच्या ओळीअखेर 'ईएईडी', खालच्या ओळीत 'एलक्यू'. सलग 'ईएईडीएलक्यू' शोधणाऱ्यास काहीच मिळत नाही, आणि प्रोग्राम तक्रारही करीत नाही! (शब्दकोशातील नोंद पुढच्या पानावर गेली म्हणून आपण ती अर्धीच वाचतो काय?)

म्हणून ओळी आधी जोडाव्यात. '>' दिसताच साठवलेली नोंद, असल्यास, तपासावी. जुळली तर लिहावी. मग साठा रिकामा करून नवे नाव घ्यावे. इतर ओळी, शेवटचे ओळ-बदलाचे चिन्ह काढून, साठ्यास जोडीत जावे. अखेरच्या नोंदीनंतर '>' येत नाही. तेव्हा फाईल संपल्यावर हीच तपासणी पुन्हा एकदा करावी, नाहीतर ती नोंद हमखास गळते. नावावरून शोधतानाही जपावे. 'इन्सुलिन' मागितले की इन्सुलिन रिसेप्टरही हाती येतो.