लोखंड कापण्याची करवत : निवड व उपयोग

माळव्यातील धार शहरी लाट मशीद नावाची जुनी वास्तू आहे. दिलावर खानाने ती इ. स. १४०५ मध्ये बांधली. तिच्या आवारात एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. त्यांची एकत्रित लांबी सुमारे १३ मीटर व वजन सुमारे ७ टन भरते. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ सुमारे ७ मीटर लांबीचा आहे. यावरून धारच्या स्तंभाच्या भव्यतेची कल्पना यावी. परंपरा या स्तंभाचा संबंध अकराव्या शतकातील राजा भोजाशी जोडते. कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा शास्त्रीय अभ्यास केला. लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठेवून व घणाने ठोकून तो सांधलेला आहे.

त्या काळच्या कारागिराला लोखंड तोडावयाचे असेल तर ते तापवून लाल करावे लागे व छिन्नीचा घाव घालावा लागे. माळव्यात गाड्यांवर संसार घेऊन फिरणारे गाडिया लोहार आजही याच रीतीने काम करतात. थंड लोखंड भट्टीवाचून, घरच्या घरी व हव्या त्या रेघेवर कापता येणे ही सोय मात्र पोलादी पात्याच्या हातकरवतीने, म्हणजे हॅकसॉने, सामान्य माणसाला दिली.

आज देवास येथील कारखान्यांत आणि धार जिल्ह्यातील पिथमपूरच्या औद्योगिक क्षेत्रात मोठमोठ्या यांत्रिक करवती लोखंडाच्या जाड सळ्या कापतात. परंतु तेथून पाचपंचवीस कोसांवरच्या खेड्यात गव्हाला पाणी देण्याच्या ऐन वेळी पंपाचा नळ फुटला किंवा पेरणीच्या दिवशी तिफणीचा बोल्ट गंजून अडकला, तर शेतकऱ्याच्या हाती हातकरवतच असते. ती योग्य असेल तर काम पंधरा मिनिटांत होते. अयोग्य असेल तर पाती मोडतात, हाताला जखम होते व पेरणीचा दिवस वाया जातो. म्हणून या साध्या हत्याराची निवड व वापर समजून घेणे अगत्याचे आहे.

दात्यांची निवड

हॅकसॉचे दोन भाग असतात : चौकट व पाते. चौकट एकदाच घ्यावी लागते. ती वाकणारी नसावी व मूठ पक्की असावी. पाते मात्र झिजते आणि पुनःपुन्हा घ्यावे लागते. पात्याची लांबी त्याच्या दोन टोकांच्या भोकांच्या मध्यांमधील अंतरावरून मोजतात. बाजारात २५० व ३०० मिलिमीटर लांबीची पाती मिळतात. घरगुती कामास ३०० मिलिमीटरचे पाते सोयीचे.

पाते विकत घेताना बहुतेक लोक किंमत पाहतात. वास्तविक प्रथम पाहावयाचे ते दाते. एका इंचात १४, १८, २४ किंवा ३२ दाते असलेली पाती मिळतात. दोन दात्यांमधील अंतर अनुक्रमे सुमारे १.८, १.४, १.० व ०.८ मिलिमीटर असते. यांतून निवड करण्याचा नियम एकच आहे : कापताना किमान तीन दाते एकाच वेळी धातूवर टेकलेले असावेत.

एक उदाहरण घेऊ. अर्धा इंची मध्यम प्रतीच्या जस्ताळलेल्या नळाच्या भिंतीची जाडी सुमारे २.६ मिलिमीटर असते. त्यावर १४ दात्यांचे पाते चालविले तर भिंतीवर जेमतेम दीड दाता टेकतो. नळाची कड दोन दात्यांच्या मधल्या खाचेत अडकते आणि पुढच्या रेट्याबरोबर दाते तुटून पडतात. त्याच नळावर ३२ दात्यांच्या पात्याचे तीनहून अधिक दाते टेकतात व कापणी सुरळीत होते. लोक पात्याला दोष देतात. पण पुष्कळदा दोष पात्याचा नसून निवडीचा असतो.

याउलट ४० मिलिमीटर जाडीची भरीव सळई ३२ दात्यांच्या पात्याने कापू लागल्यास दात्यांमधील लहान खाचा लोखंडाच्या किसाने भरून जातात. मग पाते कापण्याऐवजी नुसते घासत राहते. म्हणून जाड व मऊ धातूसाठी १४ किंवा १८ दाते, अँगल, पट्टी व जाड नळांसाठी २४, आणि पातळ नळ व पत्र्यासाठी ३२ दाते घ्यावेत. एकच प्रकार ठेवणे शक्य असेल तर २४ दात्यांचा ठेवावा. पत्रा फारच पातळ असेल तर तो दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट दाबून फळ्यांसकट कापावा.

पात्याच्या पोलादाचेही प्रकार आहेत. साध्या कार्बन पोलादाचे पाते स्वस्त, परंतु जास्त तापल्यास त्याचे पाणी उतरते. हायस्पीड पोलादाचे पाते उष्णता सोसते व टिकते, पण पूर्ण कडक असल्याने तिरके झाले की मोडते. बायमेटल पात्याची पाठ लवचीक व दात्यांची कड हायस्पीड पोलादाची असते. शिकाऊ हातांसाठी हेच उत्तम. किंमत अधिक असली तरी ते सहसा मोडत नाही.

वापराची रीत

पाते बसविताना दात्यांची टोके मुठीपासून दूर, पुढच्या दिशेस असावीत. पात्यावरील बाणही पुढे रोखलेला असावा. पात्यास ताण पुरेसा द्यावा. ढिले पाते वाकडे कापते व मोडते. चार-सहा हात मारल्यावर पाते तापून किंचित लांबते, म्हणून ताण पुन्हा तपासावा.

वस्तू व्हाइसमध्ये घट्ट धरावी आणि कापावयाची रेघ व्हाइसच्या जबड्याजवळ ठेवावी. दूर ठेवल्यास वस्तू थरथरते. रेघेवर तिकोनी कानसीने लहान खाच पाडून सुरुवात केल्यास पाते घसरत नाही. जोर पुढे जाताना द्यावा; मागे येताना हात हलका ठेवावा, कारण परतीच्या वेळी दाते कापत नाहीत, केवळ झिजतात. पात्याची होईल तितकी लांबी वापरावी. मिनिटाला ४० ते ५० हात पुरेत. कठीण पोलादावर त्याहून कमी. घाईने चालविलेले पाते तापते व बोथट होते. लोखंडावर तेलाचा थेंब सोडावा. बीड व पितळ कोरडेच कापावे.

नळ कापताना पाते आतल्या पोकळीत उतरले की नळ थोडा पुढे फिरवून पुन्हा कापावे. अशा रीतीने सभोवार कापल्यास दाते अडकत नाहीत व तोंड सरळ येते. शेवटी तुकडा सुटण्याच्या वेळी जोर व वेग दोन्ही कमी करावेत. पुष्कळ जखमा याच क्षणी होतात.

काम अर्धे असताना पाते मोडले तर नवे पाते जुन्या खाचेत घालू नये. पात्याचे दाते डावी-उजवीकडे किंचित वळविलेले असतात, त्यामुळे खाच पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते. झिजलेल्या पात्याची खाच अरुंद असते. नवे पाते तिच्यात अडकून तेही मोडते. वस्तू उलटून दुसऱ्या बाजूने कापावे.

विजेच्या ग्राइंडरविषयी सावधगिरी

अलीकडे खेडोपाडी विजेवर चालणारे हाती ग्राइंडर पोहोचले आहेत. १०० मिलिमीटर चकतीचे यंत्र मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे चकतीच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक होतो. अशी चकती फुटली तर तिचा तुकडा त्याच वेगाने सुटतो. म्हणून यंत्राचे संरक्षक कवच कधीही काढू नये व डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय यंत्र चालवू नये. चकतीवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगाहून कमी नसावा. लाकूड कापण्याची दातेरी चकती ग्राइंडरला मुळीच लावू नये.

ठिणग्या दूरवर उडतात. भुसा, सोयाबीनचे काड किंवा डिझेल जवळ असता काम करू नये. डिझेलचे वा कीटकनाशकाचे रिकामे पिंप ग्राइंडरने कापू नये. ते रिकामे दिसले तरी आत वाफ साचलेली असते व ठिणगीने स्फोट होऊन जीव जाण्याचा संभव असतो. दहा मिनिटांचे काम हातकरवतीने होत असेल तर तीच अधिक सुरक्षित होय.

शिक्षकांना सूचना

कार्यानुभवाच्या तासाला शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एक सोपा प्रयोग करवून घ्यावा. पट्टी, नळ व पत्रा यांचे तुकडे देऊन त्यांची जाडी मोजावयास सांगावी आणि तीन दात्यांच्या नियमाने कोणते पाते लागेल हे कापण्यापूर्वी वहीत लिहून घ्यावे. प्रत्यक्ष कापून पाहिल्यावर उत्तर बरोबर की चूक हे करवतच सांगेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा विद्यार्थी सुरुवातीचे दिवस कानस व हॅकसॉ यांवरच घालवितो, ते याच कारणासाठी. ग्रामपंचायतींनीही गावातील दुरुस्तीच्या साहित्यात एक चौकट व २४ आणि ३२ दात्यांची काही पाती ठेवल्यास हंगामाच्या दिवसांत शेतकऱ्यांची मोठी सोय होईल.