गावची सेवा आणि वर्गातील पाठ

(इयत्ता चौथी : परिसर अभ्यास, गणित, भाषा व कार्यानुभव)

प्राथमिक शाळेत ‘सेवा’ हा शब्द वर्षातून अनेक वेळा उच्चारला जातो. गांधीजयंती आली की मुलांच्या हाती खराटे येतात, प्रभातफेरी निघते, पटांगण स्वच्छ होते, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच सारे पूर्ववत् होते. मुलाने काम केलेले असते. परंतु ते का केले, कोणासाठी केले आणि त्यापासून काय निष्पन्न झाले, हे विचारले असता त्याला सांगता येत नाही. अशा कामास सेवा म्हणावे की वेठ म्हणावे, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःस एकदा विचारावयास हवा.

वेठ म्हणजे दुसऱ्याच्या हुकमावरून, मोबदल्यावाचून आणि प्रश्न न विचारता करावयाचे काम. सेवेतही मोबदला नसतोच. तेव्हा या दोहोंतील भेद मोबदल्यात नाही. जे काम मुलाने स्वतः पाहिलेल्या गरजेतून निघते, जे लहानथोर सर्व मिळून करतात आणि ज्याचा हिशेब पुन्हा वर्गात येतो, ती सेवा होय. या तीन गोष्टी नसतील, तर कामाचे नाव काहीही असले तरी मुलाच्या वाट्याला वेठच येते.

परिसराची शिकवण

हा विचार सातारा-सांगलीकडील शिक्षकांस नवा नाही. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल हे गाव पूर्वी औंध संस्थानात होते. १९३९ मध्ये औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविला आणि ग्रामपंचायतींना कारभाराचा पाया मानले. गावाने आपली गरज आपण ओळखावी आणि तिचा उपायही आपणच योजावा, हे त्यामागील सूत्र होते.

पुढे १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली या भागात प्रतिसरकार उभे राहिले. त्यात कुंडलचे जी. डी. बापू लाड व कॅप्टन भाऊ म्हणून ओळखले जाणारे रामचंद्र लाड हे अग्रभागी होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेगाडी अडवून सरकारी रक्कम हस्तगत केल्याची हकीकत या भागातील मुले मोठ्या आवेशाने सांगतात. परंतु त्याच प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे नेमली, दारूबंदीसाठी प्रयत्न केले, ग्रंथालये चालविली आणि कर्जाच्या ओझ्यातून कुटुंबांची सुटका व्हावी म्हणून अल्प खर्चाचे ‘गांधी विवाह’ लावले, ही बाजू मुलांच्या कानावर क्वचित पडते. धाडसाच्या गोष्टीने मुलांचे मन भारावते; या दुसऱ्या बाजूने मात्र त्यांस आज स्वतः काय करता येईल, हे उमगते.

तिसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह उघडले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि आपली कामे आपण करीत. जे काम पूर्वी ठराविक जातींच्या माथी वेठ म्हणून मारले जाई, तेच सर्वांनी वाटून घेतल्याबरोबर शिक्षणाचे साधन झाले. पुढील पाठांचा पाया हाच आहे.

पहिला पाठ : गळका नळ

उद्देश : गावातील एक गरज मुलांनी स्वतः शोधावी, तिचे मापन करावे आणि संबंधितांस लेखी कळवावी.

साहित्य : मापनपात्र, घड्याळ, वही, गावाचा कोरा नकाशा, रंगखडू.

पहिल्या दिवशी शिक्षकाने उत्तर सांगू नये. केवळ प्रश्न द्यावा. “आपल्या शाळेत आणि शाळेच्या आसपास पाणी कोठे वाया जाते?” मुलांनी गट करून पाहणी करावी आणि प्रत्येक गळती नकाशावर निळ्या ठिपक्याने दाखवावी. नकाशा काढताना दिशा, खुणा व प्रमाण यांचा अभ्यास आपोआप होतो.

दुसऱ्या दिवशी मापन करावे. समजा, एका नळाखाली दहा मिनिटे पात्र ठेवले असता २०० मिलिलिटर पाणी जमले. तासात अशी सहा दहामिनिटे असतात. म्हणून तासाला १,२०० मिलिलिटर, म्हणजे १ लिटर २०० मिलिलिटर पाणी गळते. चोवीस तास पाणी असल्यास दिवसाला २८ लिटर ८०० मिलिलिटर, आणि तीस दिवसांच्या महिन्यात ८६४ लिटर होतात. ‘८६४ लिटर’ हा आकडा मुलाच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही. म्हणून शिक्षकाने विचारावे, “बारा लिटरची घागर असेल तर किती घागरी?” उत्तर ७२ येते. ‘एका थेंबथेंब नळाने महिन्यात ७२ घागरी नेल्या’ हे वाक्य मुले घरी जाऊन सांगतील. नळास पाणी दिवसातून दोनच तास येत असेल, तर हिशेब त्याप्रमाणे बदलावा. आकडे पुस्तकातून न घेता मुलांनी मोजलेलेच घ्यावेत. मग चूक दुरुस्त करण्याची इच्छा त्यांच्या ठिकाणी आपोआप उत्पन्न होते.

तिसऱ्या दिवशी भाषेचा पाठ घ्यावा. सरपंचांस पत्र लिहावयाचे आहे. मायना, विषय, मोजलेली माहिती, विनंती आणि सर्वांच्या सह्या हे भाग फळ्यावर चर्चेने ठरवावेत. पत्र शिक्षकाने सांगून लिहवू नये. मुलाचे वाक्य वाकडे असले तरी ते त्याचे असते. पत्र मुलांनीच ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

चौथा दिवस पत्रानंतर एका महिन्याने येतो, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच विसरला जातो. नळ दुरुस्त झाला असल्यास मुलांनी आभाराचे पत्र लिहावे. झाला नसल्यास तेही वहीत नोंदवून स्मरणपत्र धाडावे. गाव आपले म्हणणे ऐकते की नाही, याचा पहिला अनुभव मुलास येथे येतो. शिक्षकाने तो लपवू नये.

दुसरा पाठ : पाहुण्यांची आणि आपली पुस्तिका

या भागात साखर कारखान्यांच्या गळिताचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. मोकळ्या जागेवर कोप्या उभ्या राहतात. त्यांत शाळेच्या वयाची मुलेही असतात. निम्मे वर्ष एका गावी आणि निम्मे दुसऱ्या गावी, अशा फेऱ्यात त्यांचे शिक्षण मधेच तुटते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शाळेत बसण्याचा हक्क २००९ च्या कायद्याने दिलेला आहे. तथापि अनोळखी वर्गात पाऊल टाकण्याचे धैर्य कायदा देऊ शकत नाही. ते वर्गातील मुलेच देऊ शकतात.

याकरिता चौथीच्या मुलांनी जाड पुठ्ठ्याच्या पानांची चित्रपुस्तिका तयार करावी. पहिल्या भागात शाळा, गाव, दवाखाना, नळ, ग्रंथालय यांची चित्रे व नावे असावीत, म्हणजे नव्याने आलेल्या मुलास गावाची ओळख होईल. दुसऱ्या भागाची पाने मुद्दाम कोरी ठेवावीत. ती पाहुण्या मुलांनी भरावयाची आहेत. मोळी कशी बांधतात, वाढे कशाला उपयोगी पडतात, कोपी कशी उभारतात, आपले गाव कोठे आहे आणि तेथे घरी कोण आहे, हे त्यांना ठाऊक असते. कुंडलच्या मुलास ते ठाऊक नसते. एका बाजूने देणे आणि दुसऱ्या बाजूने केवळ घेणे असे झाले, तर देणाऱ्यास गर्व आणि घेणाऱ्यास संकोच वाटतो. म्हणून या पाठात दोघांनीही शिकवावे आणि दोघांनीही शिकावे. टोळी परत निघाली की पुस्तिकेची एक प्रत त्या मुलांबरोबर द्यावी, दुसरी शाळेत राहू द्यावी.

तिसरा पाठ : आठवणींची वही

जी. डी. बापू लाड २०११ मध्ये निवर्तले आणि कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. प्रत्यक्ष पाहिलेले सांगणारी पिढी आता जवळजवळ सरली आहे. परंतु त्यांच्याकडून ऐकलेली पिढी गावात आहे. मुलांनी घरातील आजी-आजोबांस तीनच प्रश्न विचारावेत : तुमच्या लहानपणी शाळा कशी होती, पाणी कोठून आणीत आणि लग्न कसे होई? उत्तरे सांगणाऱ्याच्या बोलीतच लिहून घ्यावीत आणि ती ऐकीव की पाहिलेली, याची खूण करावी. कवी ग. दि. माडगूळकर यांच्या शालेय शिक्षणाचा काही काळ याच कुंडलात गेला. गावच्या बोलण्यात शब्दांचा किती साठा असतो, हे मुलांस पटविण्यास एवढे सांगणे पुरेसे आहे.

दक्षता

१. झाडलोट मुलींनी करावी आणि मोजमाप मुलांनी करावे, अशी वाटणी कदापि होऊ देऊ नये. कामांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात आणि त्यांत शिक्षकाचीही चिठ्ठी असावी.

२. शौचालय व गटारे साफ करण्याचे काम मुलांस सांगू नये. विहीर, रहदारीचा रस्ता व वाहनांची जागा येथे मुलांस एकटे धाडू नये.

३. पालकांवर खर्चाचा बोजा टाकू नये. रद्दी कागद, पुठ्ठा, माती, बिया यांतून जे होते तेवढेच करावे.

४. पाहुण्यांस दाखविण्यासाठी काम करू नये. छायाचित्र काढून झाले आणि काम थांबले, तर मुले त्यातून दिखावाच शिकतात.

मूल्यमापन

या पाठांची परीक्षा गुणांनी घेण्याची आवश्यकता नाही. महिन्याने शिक्षकाने वर्गातील सर्वांत अबोल मुलास जवळ घेऊन तीन गोष्टी विचाराव्यात. हे काम कोणी सुचविले? त्यात तू काय केलेस? त्यामुळे कोणाचे काय बदलले? तिन्ही प्रश्नांस त्याला आपल्या शब्दांत उत्तर देता आले, तर पाठ साधला असे समजावे. हुशार मुलांनाच उत्तरे येत असतील, तर काम त्यांनीच केले आणि बाकीचे राबले, असा त्याचा अर्थ होतो.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. आपल्या शाळेत गेल्या वर्षी झालेल्या कामांपैकी सेवा कोणती आणि वेठ कोणती?

२. आपल्या गावातील कोणती गरज मुलांना दिसते आणि मोठ्यांना दिसत नाही?

३. त्या गरजेतून गणिताचा एक आणि भाषेचा एक पाठ तयार करा.

कुंडलनजीक निवडुंगाने व्यापलेल्या ओसाड माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना उभारला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. माळ पूर्वीही तोच होता. त्याच्याकडे पाहणारी दृष्टी मात्र निराळी आली. प्रत्येक गावात असा एखादा माळ असतो, गळका नळ असतो, दाराशी संकोचून उभे राहिलेले एखादे मूल असते. वर्गातील चाळीस डोळ्यांना तो पाहण्याची सवय लावणे आणि वीस जोड हातांना तेथे मिळून काम करू देणे, हे शिक्षकाच्या हाती आहे. त्यासाठी स्वतंत्र तासिका अथवा निधी लागत नाही. सोमवारी सकाळी फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि त्याचे उत्तर स्वतः देण्याचा मोह आवरला, तर पाठास प्रारंभ होतो.