मुलांचा विनोद आणि घरातला टीव्ही : चौथीच्या वर्गातला एक अनुभव



आजचा लेख मुलांच्या विनोदबुद्धीवर आहे. पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करावी लागेल, कारण ती चूक झाली नसती तर या विषयाकडे माझं लक्षच गेलं नसतं.

गेल्या वर्षी माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. पट २६. भाषेच्या तासाला प्रकट वाचन चाललं होतं. वर्गात एक मुलगा बोलताना अडखळतो. त्याला वाचता येतं, अर्थ कळतो, लिहितो तर छानच. पण मोठ्याने वाचायला उभा राहिला की पहिल्याच अक्षरावर अडतो. त्या दिवशी तो 'प'वर अडला. वर्ग गप्प. मला वाटलं, वातावरण जरा हलकं करावं. मी म्हणालो, "अरे, गाडी स्टार्ट होईना! धक्का मारा रे कुणीतरी!" वर्ग खो खो हसला. तोही हसल्यासारखं करून खाली बसला. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. वाक्य अगदी वेळेवर सुचलं होतं ना!

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत तो दिसला की दोघं-तिघं त्याच्या मागे जाऊन गाडी ढकलायचा अभिनय करू लागले. परिपाठात बातम्या सांगायची त्याची पाळी त्याने दुसऱ्याला देऊन टाकली. मग एक दिवस त्याची आई शाळेत आली. भांडायला नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "सर, त्याला मागं बसवता का? तोच म्हणतोय घरी."

त्या रात्री विचार करताना लक्षात आलं, ते वाक्य माझं नव्हतंच. म्हणजे शब्द माझे असतील, पण साचा तयार होता. अडखळणारं पात्र आलं की समोरच्याने एक टोमणा मारायचा आणि मागून हशा उसळायचा, हे मी लहानपणापासून टीव्हीवर किती वेळा पाहिलं असेल याला गणती नाही. सिनेमात पाहिलं, मालिकेत पाहिलं, स्किटमध्ये पाहिलं. जाड्या माणसाची खुर्ची मोडते, काळ्या रंगावर शेरा येतो, पुरुष साडी नेसून येतो, तोतरा माणूस महत्त्वाचा निरोप सांगायला जातो. हे सगळं जेवता जेवता बघून मी मोठा झालो आणि पस्तिशीत वर्गात उभा राहून तेच वापरलं.

टीव्हीने वाईटच दिलं असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत 'अशी ही बनवाबनवी'तलं अर्धं वाक्य कुणी टाकलं की उरलेलं अर्धं दुसरा पूर्ण करतो. सिनेमा १९८८ चा. आमच्यापैकी बहुतेकांनी तो थिएटरात नाही, टीव्हीवर बघितला, आणि एकदा नाही, वीस वेळा. नवीन बदलून आलेल्या शिक्षकाशी ओळख व्हायला त्या सिनेमासारखं साधन नाही! एकाच गोष्टीवर हसत मोठी झालेली माणसं लवकर जवळ येतात.

आणि विनोदाची दुसरी जातही आम्हाला टीव्हीनेच दाखवली. मी सातवी-आठवीत असताना अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लागायचं. दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावरची मालिका. त्यातले आबा कुणाची टर उडवत नाहीत. घरातल्या साध्या साध्या गोष्टी डायरीत लिहितात आणि त्यात स्वतःलाही सोडत नाहीत. माझे वडील ती बघताना हमखास 'चिमणराव'ची आठवण काढायचे, कारण त्यांच्या काळात मुंबई दूरदर्शनवर चिमणरावही प्रभावळकरांनीच केला होता. चिं. वि. जोशींच्या मूळ कथांमध्ये चिमणराव स्वतःच निवेदक आहे. म्हणजे फजिती झालेला माणूसच आपली फजिती सांगतोय. एकाच नटाने बापाला आणि मुलाला, दोघांनाही स्वतःवर हसणारा माणूस दाखवला.

मग प्रश्न असा की मी टिपरेही बघितलं आणि टोमणेवालं कॉमेडीही बघितलं, तर वर्गात माझ्या तोंडून टोमणाच का आला?

माझं उत्तर असं आहे. टोमणा उचलायला सोपा असतो. तीन सेकंदांचं काम. एक वाक्य, एक चेहरा, संपलं. आबांचा विनोद उचलायचा तर आधी घर उभं करावं लागतं, माणसं ओळखीची व्हावी लागतात, अर्धा तास थांबावं लागतं. लहान मूल टीव्हीतून जे चांगलं आहे ते उचलत नाही, जे उद्या शाळेत करून दाखवता येईल ते उचलतं. आता तर मोबाइलवर कार्यक्रमातला तेवढाच तुकडा कापून येतो. मागचं-पुढचं काहीच नाही, नुसता टोमणा आणि हशा.

डी.एड.ला आपण सगळ्यांनी बांडुराचा प्रयोग पाठ केला होता, आठवतंय का? १९६१ साली मोठी माणसं हवेने फुगवलेल्या बाहुलीला मारताना मुलांनी पाहिली आणि नंतर त्याच बाहुलीला तसंच मारलं. कित्येकांनी तर मोठ्यांचे शब्दही जसेच्या तसे वापरले. १९६३ मध्ये तेच दृश्य फिल्मवर दाखवलं, तरी मुलांनी अनुकरण केलं. तो प्रयोग आक्रमकतेवरचा, विनोदावरचा नाही. पण मधल्या सुट्टीत गाडी ढकलणारी माझी मुलं बघितली आणि परीक्षेत उत्तर लिहून विसरलेला तो प्रयोग डोळ्यांसमोर उभा राहिला. फरक एवढाच, बाहुलीच्या जागी वर्गमित्र होता आणि मारून दाखवणारा मोठा माणूस मी होतो.

नुसतं "असं चिडवू नये" म्हणून भागणार नव्हतं. म्हणून दोन तासिका वेगळ्या घेतल्या. करून बघण्यासारख्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या शाळेत लोकवर्गणीतून आलेला टीव्ही आहे. त्यावर 'टॉम अँड जेरी'चा एक छोटा भाग लावला, पण आवाज पूर्ण बंद करून. ही कार्टून १९४० पासूनची आहेत, संवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे भाषेची अडचण येत नाही. मुलं हसली, पण कमी. मग तोच भाग आवाजासह लावला. आता मात्र वर्ग लोळायचा बाकी राहिला. त्या कार्टूनचं संगीत ऐका कधीतरी. टॉमच्या प्रत्येक पावलाला, प्रत्येक आपटण्याला त्यात सूर आहे. "आवाजाने काय बदललं?" असं विचारल्यावर कुणी म्हणालं मजा वाढली, कुणी म्हणालं पुढे काय होणार ते कळतं. एक मुलगी म्हणाली, "सर, आवाज नव्हता तेव्हा मांजराला लागलं असं वाटलं. आवाज आल्यावर नाही वाटलं." माझ्या पाठनियोजनात एवढं खोल उत्तर अपेक्षितच नव्हतं!

मग त्यांना मागून येणाऱ्या हशाची गोष्ट सांगितली. १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने एक यंत्र तयार केलं. त्यात निरनिराळी हसणी साठवलेली होती, बटण दाबलं की हवं तसं हसू वाजायचं. खुदुखुदू हसू वेगळं, सातमजली वेगळं. पुढे कितीतरी कार्यक्रमांत असं तयार हसू वापरलं गेलं. मुलांचा विश्वासच बसेना. "म्हणजे खोटं हसू?" हा प्रश्न दिवसभर चालला. दुसऱ्या दिवशी दोन-तीन पालकांनी तक्रार केली की पोरं सारखा टीव्हीचा आवाज बंद करतात आणि "आता हसू येतं का सांगा" म्हणून आजीला विचारतात. ही तक्रार मी आनंदाने ऐकून घेतली.

दुसऱ्या तासिकेत फळ्यावर तीनच प्रश्न लिहिले. कोण हसतंय? कोणावर हसतंय? ज्याच्यावर हसतंय तो पण हसतोय का? मुलांनी घरी पाहिलेले प्रसंग सांगायचे आणि या प्रश्नांतून तपासायचे. तिसऱ्या प्रश्नावर वर्ग अडला. शेवटी मीच म्हणालो, मागे मी वाचनाच्या तासाला एक विनोद केला होता, तो या प्रश्नात नापास होतो, चूक माझी होती. मागून एक जण पटकन म्हणाला, "पण सर, तेव्हा तुम्ही पण हसला होता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "हो, हसलो होतो," एवढंच म्हणालो.

इथे पालकांच्या एका लाडक्या तक्रारीबद्दल बोलतो. पालकसभेत दर वेळी 'शिनचॅन' निघतोच. पोरगं उलट बोलतं, मोठ्यांची नक्कल करतं, सगळं त्या कार्टूनमुळे. ही तक्रार अगदीच चुकीची नाही. त्याची मूळ चित्रकथा जपानमध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकात यायची, ती लहानांसाठी नव्हतीच. भारतातही २००८ मध्ये त्यावर बंदी आली होती, नंतर काटछाट होऊन ते परत आलं. पण माझं मत जरा वेगळं आहे. शिनचॅन पाच वर्षांचा आहे आणि तो मोठ्यांवर हसतो. लहानाने मोठ्यावर हसणं आपल्याला झोंबतं, म्हणून लगेच दिसतं. मोठ्याने लहानावर, सबळाने दुबळ्यावर हसणं रोज रात्री सगळं घर एकत्र बसून बघतं, ते कुणाला खटकत नाही. मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटते.

पालकहो, टीव्ही बंद करा असं मी म्हणत नाही. माझ्या घरीही चालू असतो. मुलासोबत बसा, हसा, आणि अधूनमधून तिसरा प्रश्न सहज विचारा. भाषण नको, मूल उठून जाईल. आणि घरात कुणाला 'ढोल्या', 'काळू', 'तोतऱ्या' म्हणून हाक मारायची सवय असेल, तर ती आधी बघा. टीव्हीवर पाहिलेला टोमणा घरात चालतो हे कळल्यावरच मूल तो शाळेत आणतं.

शेवटी लेखनासाठी विषय दिला, 'एक फजिती'. आधी मी माझी सांगितली. पहिल्या नेमणुकीच्या दिवशी मी चुकून शेजारच्या गावच्या शाळेत जाऊन हजर झालो होतो, चहासुद्धा पिऊन बसलो. मुलांनी खूप छान लिहिलं. कुणी गाईचं शेपूट धरलं होतं, कुणी लग्नात भलत्याच पंगतीत बसलं होतं.

आमच्या त्या मुलाने स्वतःची फजिती लिहिली नाही, माझी लिहिली. वाचायला तो उभा राहिला नाही, वही शेजारच्या मित्राकडे दिली. मित्राने वाचलं : "आमच्या सरांची गाडी रोज संध्याकाळी स्टार्ट होत नाही. मग आम्ही चौघे धक्का मारतो. सर म्हणतात, उद्या दुरुस्त करतो."

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. वर्ग आधी माझ्याकडे बघत राहिला. मी हसलो तेव्हा सगळे हसले, आणि तो सगळ्यात मोठ्याने.

परिपाठात बातम्या सांगायला तो अजून उभा राहिलेला नाही. पाळी आली की वही मित्राकडे देतो, पण बातम्या त्याच निवडतो आणि त्यातली एक तरी हसवणारी असते. मागं बसवा म्हणून पुन्हा कुणी सांगायला आलं नाही. गाडी अजून तशीच आहे.